उभी रेघ आधी

चित्र इतकं छान आलं की मला संशयच आला.

जुईली, म्हणजे आमची मुलगी जुई, बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवर हसत होती. ती तिकडे मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘सारंग’ यानात, आणि आम्ही दोघं इकडे माण तालुक्यात, म्हसोबाच्या पठारावरच्या दूरसंवाद केंद्राच्या वसाहतीत, चहाचे कप हातात धरून. केसन् केस मोजून घ्यावा इतकं स्वच्छ चित्र. ती म्हणाली, ब्रेक नीट लागला, आम्ही पोचलो, सहाही जण ठणठणीत आहोत, काजूला माझ्याकडून एक बिस्कीट द्या. काजू म्हणजे आमचा कुत्रा. तो उन्हाळ्यातच गेला होता, पण तिला आम्ही ते सांगितलं नव्हतं. इतक्या लांब पोरीला रडवून काय मिळणार होतं? विक्रांतनं, माझ्या नवऱ्यानं, डोळे पुसले. मी चष्मा पुसला आणि तेच चित्र परत लावलं.

माझा स्वभाव संशयी आहे यावर घरात, केंद्रात आणि सासरी एकमत आहे. कोथिंबिरीची जुडी मी हुंगून घेते, आणि औषधाच्या गोळीवरची मुदत वाचल्याशिवाय ती गिळत नाही. असू दे. तीस वर्षं मी यानांशी बोलायच्या धंद्यात आहे आणि या धंद्यात भोळ्या माणसाचा निभाव लागत नाही. मी सुलक्षणा काटकर, केंद्राच्या प्रक्षेपण विभागाची प्रमुख. इथून तिकडे जे जातं ते माझ्या यंत्रांतून जातं. तिकडून इथं येतं ते मात्र दुसऱ्या विभागाचं, आणि तिथलं दार मला बंद होतं. यानात ज्याचं माणूस आहे त्यानं येणाऱ्या संदेशांना हात लावायचा नाही, असा नियम. माणूस भावनेच्या भरात काहीतरी करून बसेल म्हणे.

तर संशय का आला ते सांगते. यानावरचा ट्रान्समीटर ऐकायला मोठा, प्रत्यक्षात दोनशे वॉटचा. आपल्या ओट्यावरचा मिक्सर याच्या तिप्पट वीज खातो. तेवढ्यावर त्या बिचाऱ्यानं बत्तीस कोटी किलोमीटरवरून बोलायचं. ते जमतं ते अँटेनामुळे. टॉर्चच्या बल्बमागे चकचकीत वाटी असते ना, तिच्यामुळे उजेड चारी दिशांना न सांडता एकाच बाजूला जातो. अँटेनाची तबकडी रेडिओलहरींचं तेच करते. तबकडी जितकी मोठी तितका झोत बारीक, झोत जितका बारीक तितका इथं पोचणारा जोर जास्त, आणि जोर जितका जास्त तितकी एका सेकंदात जास्त माहिती. वेगानं बोलायचं तर लहरीही अगदी आखूड लागतात. त्यांना पावसाचं वावडं, थेंबांत त्या विरून जातात. म्हणून तर केंद्र माणमध्ये आलं. आमच्या कोरड्या आभाळाचा कुणाला तरी उपयोग झाला.

‘सारंग’ची तबकडी छत्रीसारखी मिटायची. काड्या, आणि काड्यांवर ताणलेली सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांची जाळी. रॉकेटच्या टोपीत मावावी म्हणून ती गोल केली नव्हती, रुंदीला कमी आणि उंचीला जास्त अशी लंबगोल होती. मंगळापाशी वेग कमी करायला इंजीन पेटवायचं तर ही छत्री आधी मिटावी लागते, नाहीतर धक्क्यानं वाकते. काम झालं की परत उघडायची. त्यात मंगळापाशी ऊन आपल्या निम्म्याहून कमी, म्हणजे त्याच सौरपट्ट्यांतून निम्म्याहून कमी वीज. आणि त्या विजेवर डोळा किती जणांचा! केबिनची ऊब, हवेचं यंत्र, भाज्यांवरचे दिवे, दवाखाना. या सगळ्यांतून उरेल ते ट्रान्समीटरला. म्हणजे ब्रेकनंतरचं चित्र जरा गरिबाघरचं असायला हवं होतं. आलं ते आधीपेक्षाही श्रीमंत.

हे मी विक्रांतला सांगितलं. तो जनावरांचा डॉक्टर, सगळा दिवस पठारावरच्या मेंढ्यांत जातो, त्यामुळे त्याला कुणी सविस्तर बोललं की बरं वाटतं. या वेळी मात्र तो म्हणाला, चित्र चांगलं आलं यात तुझं काय बिघडलं, आणि कप घेऊन आत गेला. नळ बराच वेळ चालू राहिला. दोन कप धुवायला एवढं पाणी लागत नाही, हे मी तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं.

मी चित्र तिसऱ्यांदा लावलं आणि तिच्या हातांवर थांबवलं. जुईला लहानपणापासून नखं खायची खोड. उजव्या अंगठ्याचं तर तिनं कधी धड वाढूच दिलं नाही. कडुनिंबाचा रस लावून झाला, रागावून झालं, बक्षीस लावून झालं. बारावीत आणि मुलाखतीच्या दिवशीसुद्धा अंगठा तोंडात. आणि भिंतीवरच्या या जुईची दहाही नखं नुकतीच पार्लरमधून आल्यासारखी, गुलाबी आणि सारखी. ज्या दिवशी यानाचा वेग कमी करताना सहा जणांचा जीव टांगणीला लागला होता, त्या दिवशी माझ्या मुलीनं नखं खाल्ली नाहीत? कुणाला सांगता?

पुढचा संशय रविवारी आला, आणि तो चांगलाच पक्का होता.

झोत इतका बारीक असतो की तो बरोबर पृथ्वीवर पडतोय ना, हे दर आठवड्याला तपासावं लागतं. त्यासाठी यान आपली तबकडी जाणूनबुजून थोडी ढळवतं. वर, परत मध्ये, खाली, परत मध्ये. मग तसंच डावीकडे आणि उजवीकडे. झोत आपल्यावरून सरकला की इथला जोर घटतो, परत आला की वाढतो, आणि त्यावरून कळतं की नेम कुठं आहे. आम्ही याला फुली मारणं म्हणतो. नियमाप्रमाणे आडवी रेघ आधी, उभी नंतर. कॉम्प्युटरही तसंच करतो. मी मात्र उभी आधी मारते. मी नोकरीला लागले तेव्हाच्या जुन्या तबकडीची आडवी फिरणारी मोटर सकाळी गरम व्हायला वेळ घ्यायची, तोवर उभं काम उरकून घ्यायचं, अशी ती सवय. मोटर भंगारात गेली, सवय राहिली.

यानावर निवड होण्याआधी जुई दोन वर्षं माझ्या हाताखाली शिकत होती. माझं वाकडं वळण तिनं जसंच्या तसं उचललं. परीक्षेत त्याबद्दल तिचे गुण कापले, तेव्हा घरी येऊन तिनं माझ्याशी केवढं भांडण केलं. तरी हात काही बदलला नाही. शिवाय पोर माझीच, कॉम्प्युटरच्या भरवशावर काही सोडायची नाही. यानावर संदेशवहनाचं काम तिच्याकडे होतं आणि दर रविवारी फुली ती स्वतःच्या हातानं मारायची.

हे मला कळायचं कसं? आमची एकच मोठी तबकडी बोलायलाही आणि ऐकायलाही वापरतात, तेव्हा माझा नेम चुकू नये म्हणून येणाऱ्या लहरीच्या जोराची एक रेघ माझ्या पडद्यावर दिसते. आकडे पुसलेले, नुसता आकार. यानाची तबकडी उंचीला जास्त, त्यामुळे तिचा झोत उभ्या दिशेत जास्त बारीक. वर-खाली ढळवली की जोर एकदम पडतो, रेघेत खोल खड्डा. डावी-उजवीकडे ढळवली की उथळ खड्डा. सगळ्या प्रवासात दर रविवारी मी तेच बघत आले होते. आधी दोन खोल, मग दोन उथळ. चित्रात ती सगळ्यांशी बोलायची, पण ही फुली माझी एकटीची होती. ती दिसली की आठवडा बरा जायचा.

त्या रविवारी आधी दोन उथळ खड्डे आले. मग दोन खोल. आणि ते उथळ खड्डे आधीपेक्षाही उथळ, जवळजवळ सपाटच. हात जुईचा नव्हता. आणि छत्री रुंदीला पुरती उघडलेलीच नव्हती. तबकडी अरुंद झाली की झोत आडवा फैलावतो, मग ती कितीही ढळवा, खड्डा पडत नाही. दोन्ही गोष्टी मला एकाच रेघेत दिसल्या.

मी तडक पराडकरांकडे गेले. पराडकर आमचे संचालक, अतिशय गोड माणूस, आणि गोड माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. त्यांनी आल्याचा चहा मागवला. फुली आता कॉम्प्युटरच मारतो, नवी पद्धत, म्हणाले. छत्रीच्या काही काड्या अडकल्यात, किरकोळ आहे, म्हणाले. मग एवढ्याशा जोरावर एवढं श्रीमंत चित्र येतं कुठून, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी भरणाबद्दल सांगितलं.

भरण मला ऐकून माहीत होतं. सगळं चित्र पाठवायचंच नाही. यानानं फक्त खुणा पाठवायच्या: ओठ इतके उघडले, मान इतकी वळली, आवाज इतका चढला, शब्द हे. इथल्या यंत्राकडे त्या माणसाची हजारो जुनी चित्रं असतात. ते खुणांवरून बाकीचं भरतं, चेहरा, कातडी, केस, खोलीतला उजेड. शंभरातला एखादा भागच वीज लागते आणि चित्र येतं अगदी खऱ्यासारखं. आधी ते थोडंफार वापरायचे, फाटलेल्या जागी ठिगळ लावावं तसं. आता किती वापरता, असं मी विचारलं. पराडकरांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

म्हणजे आमच्या भिंतीवर हसत होतं ते जुन्या जुईंचं एक बोचकं होतं. शब्द यानातून आले होते एवढंच खरं. पण शब्द काय, कुणीही लिहू शकतं. मी फक्त म्हणाले की एकदा, एक मिनिटभर, भरण न करता चित्र पाठवायला सांगा.

ते म्हणाले, “काटकर, एवढी वीज यानावर उरलेलीच नाही. त्यासाठी दवाखाना बंद करावा लागेल.”

“करा की. सगळे ठणठणीत आहेत ना? दवाखान्यात आहे कोण?”

पराडकरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग ते घाईघाईनं म्हणाले की तिथं कुणी नाही, पण दवाखाना तयार ठेवावा लागतो, नियम आहे. मी उठले. चहा तसाच राहिला.

पठारावरून घरी चालत येताना माझं डोकं भणभणत होतं. हट्ट धरला असता तर चित्र मिळालं असतं. कुटुंबाचा अर्ज वर गेला की त्यांना नाही म्हणता येत नाही, हे मला माहीत होतं. पण दवाखान्यात माझीच मुलगी असली तर? तिच्या खाटेची ऊब काढून मी तिचा फोटो मागणार होते का? आणि नसलीच कुणी, दवाखान्यातही नसली आणि कुठेच नसली, तर मग हे लोक मला बाहुली दाखवत होते. दोन्ही बाजूंनी माझाच जीव जात होता.

घरी विक्रांत पोळ्या लाटत होता. मी सगळं सांगितलं. खड्डे, छत्री, भरण, दवाखाना. तो ऐकत होता, लाटणं थांबलं नाही. एकदाही त्यानं अगं बाई म्हटलं नाही, की कोण आहे दवाखान्यात असं विचारलं नाही. साधी मेंढी आजारी पडली तरी हा माणूस धनगराला वीस प्रश्न विचारतो. पोळ्या मात्र त्या दिवशी सगळ्या नकाशांसारख्या झाल्या. मी त्या गुपचूप खाल्ल्या आणि एकोणतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझ्या नवऱ्यापासून एक गोष्ट लपवली: मी काय करणार आहे ते.

करणार होते ते सोपं होतं. फुलीला जास्तीची वीज लागत नाही. तबकडी तर चालूच असते, ती नुसती ढळवायची. आणि फुली कुठल्याही भरणात बसत नाही, कारण ती चित्रात नसते, लहरीच्या जोरात असते. ते यंत्र मुलीचे ओठ बनवेल, पण माझ्या पडद्यावरचा खड्डा त्याला बनवता येणार नाही. उभी रेघ आधी, हे यानावर एका माणसाला माहीत होतं.

आठवड्याचा घरचा संदेश रेकॉर्ड करायला मी सोफ्यावर बसले. काजू असता तर एव्हाना शेजारी चढला असता आणि माझं निम्मं रेकॉर्डिंग त्याला हाकलण्यात गेलं असतं. सोफा मोकळा होता. मी केस नीट केले, हसले, भुईमूग चांगला आला म्हणाले, काजू मजेत आहे म्हणाले. आणि शेवटी सहज बोलल्यासारखं म्हणाले की जुई, या रविवारी फुली तुझ्या हातानं मार, माझी तेवढी हौस. रेघेचं नाव घेतलं नाही. मग तो संदेश माझ्याच वीस हजार वॉटमधून तिकडे पाठवला. आमच्या बाजूनं विजेला तोटा नाही.

त्या आठवड्यात मी चित्र बघितलं नाही. ते आलं, छान आलं असणार, विक्रांतनं एकट्यानं बघितलं. तोही फार वेळ थांबला नाही.

रविवारी भर दुपारी मी पडद्यासमोर बसले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आमची तबकडी त्या उन्हात, कुणाला न दिसणाऱ्या मंगळाकडे तोंड करून उभी होती. फुलीची ठरलेली वेळ झाली. रेघ सरळ. वेळ टळून गेली. रेघ सरळच. कॉम्प्युटर असता तर सेकंदाचाही उशीर झाला नसता. मी मनात म्हटलं, जिवंत माणसंच उशीर करतात, आणि मग वाटलं, जी नसतात तीही उत्तर देत नाहीत. मी देवाधर्माची नाही, पण त्या वेळी मी पठारावरच्या म्हसोबाला काय काय कबूल केलं ते सांगायची सोय नाही.

मग रेघ हलली. खाली गेली. आणखी खाली. खोल खड्डा.

उभी. उभी आधी. मी टेबलाची कड धरली. पण खड्डा कसा होता! जुईचा हात म्हणजे सुरीनं वडी कापावी तसा, जायची आणि यायची. हा खड्डा थरथरत उतरला, मध्येच थांबला, पुढे गेला, नेम ओलांडून परत आला. दुसरा त्याहून हळू. मग थोडा वेळ काहीच नाही, दम खाल्ल्यासारखं. मग दोन उथळ, वेडेवाकडे. पहिल्या दिवशी शिकाऊ पोरं मारतात तशी फुली. डाव्या हातानं मारावी तशी.

मी रडले. चांगली मोठ्यांदा रडले. मुलगी होती. आणि तिच्या उजव्या हाताला काहीतरी झालं होतं.

मागे वळले तर दारात पराडकर उभे होते आणि त्यांच्या शेजारी विक्रांत. विक्रांतला केंद्रात यायची परवानगी नसते. तो तिथं होता, यातच सगळं आलं.

त्यानंच सांगितलं. छत्रीच्या काड्या अडकल्यावर जुई यानाबाहेर गेली होती त्या सोडवायला. ताणलेली एक काडी अचानक सुटली आणि तिच्या उजव्या हातावर बसली. हातमोजा टिकला, हात टिकला नाही. दोन बोटं काढावी लागली. मग ताप चढला, बरेच दिवस उतरला नाही. चेहऱ्याची पार रया गेली. घरच्यांना सांगायचं की नाही, असं विचारल्यावर ती म्हणाली, बाबांना सांगा, आईला नको, ती झोपणार नाही. भरणाचं यंत्र होतंच. शब्द तिचे, पडून पडून टाइप केलेले. बाकी सगळं यंत्राचं.

मी पराडकरांना काही बोलले नाही, ते नोकरी करत होते. नवऱ्याला मात्र मी सोडलं नाही. माझी मुलगी तापानं फणफणत होती आणि तू मला तिची बाहुली दाखवून चहा पाजत होतास, असं मी त्याला म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले. तो ऐकून घेत राहिला. मग शांतपणे म्हणाला, “आणि तू तिला काजू मजेत आहे म्हणून सांगतेस, ते काय आहे?”

तो खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला आणि म्हणाला की दर वेळी ते चित्र बघताना त्याला वाटायचं, खरी जुई कुठेतरी मागे उभी आहे आणि आपण तिच्याकडे पाठ करून बसलोय. म्हणून नळ सोडून उभा राहायचा.

मी पराडकरांना एवढंच म्हणाले की दवाखान्याची वीज काढू नका. आहे त्या जोरावर, भरण न करता, जेवढं येईल तेवढं येऊ द्या. ते म्हणाले, मग हलतं चित्र विसरा, एक फोटो येईल, काळापांढरा, तोही तुकड्यातुकड्यानं, आणि आवाज खरखरता. मी म्हटलं, चालेल. माझ्या आईच्या लग्नाचा फोटो त्याहून वाईट आहे, तरी ती त्यात माझी आईच आहे.

मग मी तिथंच, केस न विंचरता, रडून सुजलेल्या डोळ्यांनी संदेश रेकॉर्ड केला. फुली मिळाली म्हणाले. हाताचं कळलं म्हणाले. बाबांना मी बघून घेते, तू काळजी करू नको म्हणाले. आणि मग म्हणाले, “जुई, काजू गेला. उन्हाळ्यातच. म्हातारा झाला होता, त्रास झाला नाही. तुला सांगायला हवं होतं.”

जायला अठरा मिनिटं, यायला अठरा, आणि मध्ये तिचा वेळ. पराडकरांनी पुन्हा चहा मागवला आणि या वेळी मी तो प्यायले. विक्रांत माझा हात धरून बसला होता. मी तो काढून घेतला नाही, पण माफ केलं असंही म्हणाले नाही.

फोटो वरून खाली येऊ लागला, पट्टी पट्टी करून. आधी करड्या रंगाची भिंत. मग केस, कापलेले, तेलकट. मग कपाळ. डोळे खोल गेलेले, गालाची हाडं वर आलेली. विक्रांतनं मान फिरवली. मी नाही फिरवली. ती अजिबात छान दिसत नव्हती आणि मला तिच्यावरून नजर काढवत नव्हती. मग आवाज आला, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, मध्ये मध्ये तुटलेला.

“आई, काजूचं मला माहीत होतं. इतक्या संदेशांत तू त्याच्यावर एकदाही ओरडली नाहीस.”

आणि थोड्या वेळानं, “मी विचारणार होते. पण मग तूही मला विचारलं असतंस.”

पराडकर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. विक्रांत रडत रडत हसत होता. फोटोच्या खालच्या पट्ट्या अजून येत होत्या. खांदा आला, गळ्यात बांधलेल्या पट्टीत उजवा हात आला, बोटांच्या जागी नुसती जाड गुंडाळी. मग मध्ये गळालेली तोंडाजवळची पट्टी परत आली, आणि तिच्यात डावा हात. तो गालाशी होता. अंगठा थेट दातांत.

मी पुढे वाकले, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि अठरा मिनिटांच्या अंतरावरून तिच्यावर ओरडले की तो अंगठा आधी तोंडातून काढ.